‘डिस्कस’ला ‘अबाउट’ चालत नाही, मग ‘डिस्कशन’ला कसा चालतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसच्या अहवालात तुम्ही ‘वी डिस्कस्ड अबाउट द बजेट’ असं लिहिलं आणि वरिष्ठांनी त्यातला ‘अबाउट’ खोडला. त्याच पानावर खाली ‘अवर डिस्कशन अबाउट द बजेट’ होतं, त्याला मात्र त्यांनी हातही लावला नाही. कोणत्या शब्दापुढे कोणतं प्रिपोझिशन येतं याची लांबलचक यादी तुम्ही पाठ केली आहे, पण लिहायला बसलं की सगळी सरमिसळ होते. तर यात काही नियम आहे, की नुसती घोकंपट्टीच करायची? शिवाय ‘डिफरंट’पुढे ‘फ्रॉम’, ‘टू’ की ‘दॅन’, हेही जाता जाता विचारलं आहे.

मी प्रौढांना इंग्रजी शिकवतो आणि मराठी मंडळींनी इंग्रजीत लिहिलेले अहवाल, प्रबंध तपासून देतो. प्रिपोझिशनच्या चुका मला रोज भेटतात. त्यातल्या निम्म्याअधिक चुकांचं मूळ क्रियापदात असतं. क्रियापदाला काय हवं आहे ते न बघता आपण मराठीतल्या ‘वर’, ‘शी’, ‘ला’, ‘पासून’ यांना इंग्रजी प्रतिशब्द शोधत बसतो, आणि गाडी तिथेच अडते.

आधी एक फरक लक्षात घ्या. मांजर टेबलावर बसलं, टेबलाखाली बसलं, टेबलाशेजारी बसलं. इंग्रजीत इथे ‘ऑन’, ‘अंडर’, ‘बिसाइड’ यांतलं एक तुम्ही अर्थ बघून निवडता, आणि निवड बदलली की मांजराची जागा बदलते. ‘डिपेंड ऑन’मधला ‘ऑन’ तसा नाही. तिथे ‘डिपेंड अंडर’ म्हणून वेगळा अर्थ निघत नाही, काहीच निघत नाही. हा ‘ऑन’ तुम्ही निवडलेला नाही, ‘डिपेंड’ने आधीच निवडून ठेवला आहे. म्हणून अडलं की स्वतःला विचारा, इथे प्रिपोझिशन बदलून दुसरं अर्थपूर्ण वाक्य होतंय का? होत असेल तर अर्थाने ठरवा. होत नसेल तर त्याचं उत्तर अलीकडच्या क्रियापदाकडे, नामाकडे किंवा विशेषणाकडे आहे. ‘ऑन’चे पाच अर्थ पाठ करून ते सापडणार नाही.

मराठीतही हेच चालतं, आपल्याला जाणवत नाही इतकंच. आपण एखाद्यावर रागावतो, त्याच्याशी भांडतो, त्याला घाबरतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करतो आणि त्याचा हेवा करतो. माणूस एकच, पण प्रत्येक वेळी त्याला वेगळा प्रत्यय. राग ‘वर’ का आणि भांडण ‘शी’ का, हे आपल्याला कुणी समजावून सांगितलं नाही. क्रियापद ऐकलं तेच मुळी प्रत्ययासकट. इंग्रजीत मात्र आपण क्रियापद आधी शिकतो आणि त्याचं प्रिपोझिशन नंतर वेगळ्या यादीतून आणून चिकटवायला बघतो.

आता तुमच्या ‘अबाउट’कडे येऊ, कारण इथे खरोखरच एक नियम आहे आणि तो यादीत सापडत नाही. इंग्रजीत कर्म थेट घ्यायचं बळ क्रियापदाला असतं आणि प्रिपोझिशनला असतं. नामाला आणि विशेषणाला ते नसतं. ‘डिस्कस’ हे सकर्मक क्रियापद आहे, त्याने ‘द बजेट’ थेट घेतलं, मध्ये कुणाची गरज पडली नाही. ‘डिस्कशन’ नाम आहे, त्याच्यापुढे ‘द बजेट’ नुसतं ठेवता येत नाही, म्हणून मध्ये ‘अबाउट’, ‘ऑफ’ किंवा ‘ऑन’ लागतो. म्हणजे तुमच्या वरिष्ठांनी दोन्ही ठिकाणी एकच नियम लावला.

हे एकदा डोक्यात बसलं की अनेक जोड्या आपोआप उलगडतात. ‘एंटर द रूम’, पण ‘एंट्री इंटू द रूम’. ‘आन्सर द क्वेश्चन’, पण ‘द आन्सर टू द क्वेश्चन’. ‘अटॅक द फोर्ट’, पण ‘अ‍ॅन अटॅक ऑन द फोर्ट’. ‘डिमांड अ‍ॅन अपॉलॉजी’, पण ‘अ डिमांड फॉर अ‍ॅन अपॉलॉजी’. ‘इन्फ्लुअन्स द रिझल्ट’, पण ‘इन्फ्लुअन्स ऑन द रिझल्ट’. ‘अफेक्ट’पुढे काही नाही, ‘इफेक्ट’पुढे ‘ऑन’. ‘मॅरी’, ‘रिझेंबल’, ‘कॉन्टॅक्ट’, ‘अप्रोच’, ‘लॅक’ ही सगळी क्रियापदं कर्म थेट घेतात. त्यांची नामं मात्र अनुक्रमे ‘टू’, ‘टू’, ‘विथ’, ‘टू’, ‘ऑफ’ मागतात. नामापुढे नेमकं कोणतं प्रिपोझिशन येईल, हे हा नियम सांगत नाही, ते शिकावंच लागतं. पण तिथे काहीतरी लागणार आणि सकर्मक क्रियापदापुढे लागणार नाही, एवढं त्यावरून कळतं. निम्मं काम तिथेच होतं.

मराठी माणूस नेमका इथेच का घसरतो, तेही सांगतो. आपण ‘अंदाजपत्रकावर चर्चा केली’ म्हणतो. यात ‘चर्चा’ हे नाम, त्याला ‘करणे’ जोडलेलं, आणि ‘वर’ हा त्या चर्चेचा. ‘भर देणे’, ‘विनंती करणे’, ‘मागणी करणे’, ‘हल्ला करणे’, ‘लग्न करणे’, ‘संपर्क साधणे’ या सगळ्यांची घडण अशीच, नाम अधिक क्रियापद. इंग्रजीत तीच गोष्ट एका क्रियापदात मावते, पण आपल्या कानात नामाचा प्रत्यय घुमत राहतो आणि तो आपण इंग्रजी क्रियापदाला लावून देतो. त्यातून ‘स्ट्रेस्ड ऑन’, ‘एम्फसाइज्ड ऑन’, ‘रिक्वेस्टेड फॉर’, ‘ऑर्डर्ड फॉर’, ‘इन्व्हेस्टिगेटेड इंटू’ असले प्रकार तयार होतात. ‘स्ट्रेस’ हा तर नाम आणि क्रियापद दोन्ही आहे, त्यामुळे गोंधळ दुप्पट. ‘शी लेड स्ट्रेस ऑन पंक्च्युअ‍ॅलिटी’ बरोबर, कारण तिथे ‘स्ट्रेस’ नाम आहे. ‘शी स्ट्रेस्ड पंक्च्युअ‍ॅलिटी’ हेही बरोबर. दोन्ही एकत्र करून ‘स्ट्रेस्ड ऑन’ केलं की चुकलं.

‘मॅरी’चं प्रकरण जरा गमतीदार आहे. ‘ही मॅरीड हर’ यात काही नको. पण ‘ही इज मॅरीड टू हर’ यात ‘मॅरीड’ विशेषण झालं, म्हणून ‘टू’ हवा. आपला ‘शी’ डोक्यात असल्यामुळे आपण ‘विथ’ लावतो. ‘मॅरीड विथ टू चिल्ड्रन’ असं इंग्रजीत म्हणतात, पण त्याचा अर्थ लग्न झालेलं आहे आणि दोन मुलं आहेत.

विशेषणांना हा नियम बहुतेक सगळीकडे लागू पडतो. ‘अफ्रेड ऑफ’, ‘फॉन्ड ऑफ’, ‘गुड अ‍ॅट’, ‘कीन ऑन’, ‘फेमस फॉर’. ठळक अपवाद ‘वर्थ’. तो नामाला थेट भिडतो, ‘वर्थ द ट्रबल’.

याच्या उलट बाजूच्या चुकाही असतात, जिथे मराठीत कर्म सरळ येतं पण इंग्रजी क्रियापदाला मध्यस्थ लागतो. आपण गाणं ऐकतो, इंग्रजीत ‘लिसन टू’. आपण वाट पाहतो, इंग्रजीत ‘वेट फॉर’. ‘मला समजावून सांगा’ याचं ‘एक्स्प्लेन मी’ होत नाही, ‘एक्स्प्लेन इट टू मी’ म्हणावं लागतं. ‘टेल मी’ चालतं म्हणून ‘एक्स्प्लेन मी’ चालत नाही. अर्थ शेजारी असले तरी प्रत्येक क्रियापदाचा स्वभाव वेगळा.

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मेलमध्ये साधारण अशी वाक्यं असतात: ‘वी रिक्वेस्ट फॉर युअर अप्रूव्हल. प्लीज एक्स्प्लेन मी द रीझन ऑफ द डिले अँड रिप्लाय माय मेल. वी लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’ हे एकेक करून बघू. ‘रिक्वेस्ट’ इथे क्रियापद, म्हणून ‘फॉर’ गेला. ‘युअर रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ असतं तर राहिला असता. ‘एक्स्प्लेन’नंतर ‘टू मी’. ‘रीझन’ला ‘ऑफ’ नको, ‘फॉर’ हवा. त्याचा सख्खा समानार्थी ‘कॉज’ मात्र ‘ऑफ’ घेतो, तेव्हा ‘द रीझन फॉर द डिले’ किंवा ‘द कॉज ऑफ द डिले’. ‘रिप्लाय’ला ‘टू’ लागतो, ‘आन्सर’ला लागत नाही. म्हणजे ‘रिप्लाय टू माय मेल’ नाहीतर ‘आन्सर माय मेल’.

राहिला शेवटचा ‘टू हिअर’. तिथला ‘टू’ क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारा ‘टू’ नाही. तो ‘लुक फॉरवर्ड’चा स्वतःचा प्रिपोझिशन आहे, आणि प्रिपोझिशननंतर क्रियापद आलं तर ते ‘आयएनजी’ लावूनच येतं. म्हणून ‘लुक फॉरवर्ड टू हिअरिंग’. ओळखायची सोपी रीत अशी की ‘टू’नंतर एखादं नाम ठेवून बघा. ‘लुक फॉरवर्ड टू द मीटिंग’ जमतं, म्हणजे हा प्रिपोझिशन. ‘ऑब्जेक्ट टू पेइंग’, ‘कमिटेड टू इम्प्रूव्हिंग’, ‘यूज्ड टू ड्रायव्हिंग’ ही सगळी त्याच गटातली. यातला ‘यूज्ड टू’ तेवढा जपून वापरा. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू ड्रायव्हिंग’ म्हणजे मला गाडी चालवायची सवय आहे, ‘आय यूज्ड टू ड्राइव्ह’ म्हणजे मी पूर्वी चालवत असे.

तुमचं काम अहवालांचं आहे म्हणून आकड्यांच्या वाक्यांबद्दलही लिहितो. याबद्दल फारसं कुणी सांगत नाही आणि चुका मात्र इथेच ढिगाने होतात. वाढ कशात झाली त्याला ‘इन’, किती झाली त्याला ‘ऑफ’: ‘अ राइज ऑफ 10 पर्सेंट इन सेल्स’. क्रियापद वापरलं की ‘ऑफ’ जाऊन ‘बाय’ येतो: ‘सेल्स रोझ बाय 10 पर्सेंट’. ‘टू’ लावला तर अर्थच फिरतो. ‘रोझ बाय 10’ म्हणजे दहाने वाढलं, ‘रोझ टू 10’ म्हणजे दहापर्यंत पोचलं. ही चूक वाचणाऱ्याला दिसतही नाही, कारण वाक्य व्याकरणात बसतं आणि आकडा चुकीचा समजतो. ‘फॉल’, ‘इन्क्रीज’, ‘डिक्रीज’, ‘ड्रॉप’ सगळ्यांना हेच लागू.

आता क्रियापदाचं प्रिपोझिशन माहीत असेल तर नामाचं कळतं का? बऱ्याचदा हो. ‘डिपेंड ऑन’, ‘डिपेंडन्स ऑन’. ‘बिलीव्ह इन’, ‘बिलीफ इन’. ‘रिअ‍ॅक्ट टू’, ‘रिअ‍ॅक्शन टू’. म्हणून नवीन नाम भेटलं तर आधी क्रियापदाचंच प्रिपोझिशन लावून बघायला हरकत नाही. विशेषण आणि नाम यांच्यात मात्र फाटाफूट जास्त. ‘प्राउड ऑफ’, पण ‘प्राइड इन’. ‘फॉन्ड ऑफ’, पण ‘फॉन्डनेस फॉर’. ‘डिपेंडंट ऑन’चा विरुद्धार्थी ‘इंडिपेंडंट ऑफ’, आणि त्याचं नाम बहुतेक वेळा ‘इंडिपेंडन्स फ्रॉम’. इथे मी कारणं शोधायला जात नाही आणि तुम्हीही जाऊ नका.

लॅटिनमधून आलेल्या शब्दांच्या बाबतीत एक आधार मिळतो. शब्दाच्या सुरुवातीचा उपसर्ग पुष्कळदा पुढच्या प्रिपोझिशनची चाहूल देतो. ‘कॉम’ किंवा ‘कॉन’ म्हणजे लॅटिनमध्ये सोबत, म्हणून ‘कम्प्लाय विथ’, ‘कोइन्साइड विथ’, ‘कॉन्फ्लिक्ट विथ’. ‘अ‍ॅड’ म्हणजे च्या दिशेने, म्हणून ‘अ‍ॅडहिअर टू’, ‘अ‍ॅडॅप्ट टू’, ‘अ‍ॅडजस्ट टू’, आणि वेश बदललेला ‘अपील टू’. ‘अ‍ॅब’, ‘एक्स’, ‘डी’, ‘डिस’ यांत दूर जाण्याचा भाव, म्हणून ‘अ‍ॅब्स्टेन फ्रॉम’, ‘एक्स्क्लूड फ्रॉम’, ‘डीव्हिएट फ्रॉम’, ‘डिस्टिंग्विश फ्रॉम’. ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’ ही मुळात लॅटिनमधली तुलनादर्शक रूपं आहेत, त्यांना ‘दॅन’ चालत नाही, ‘टू’ लागतो. पण लगेच ‘कन्सिस्ट ऑफ’, ‘कॉन्सन्ट्रेट ऑन’ आणि ‘डिपेंड ऑन’ येऊन हा सगळा डोलारा हलवतात. तेव्हा हा टेकू आठवणीसाठी ठीक, पुरावा म्हणून नको.

त्यापेक्षा अर्थाची कुटुंबं जास्त उपयोगी पडतात, असा माझा अनुभव. एखादी गोष्ट हवी आहे पण अजून हातात नाही, असा भाव असला की बहुधा ‘फॉर’ येतो: ‘वेट फॉर’, ‘होप फॉर’, ‘सर्च फॉर’, ‘अप्लाय फॉर’, ‘आस्क फॉर’, नामांत ‘डिमांड फॉर’, ‘डिझायर फॉर’, ‘नीड फॉर’. नेम धरल्यासारखा भाव असला की ‘अ‍ॅट’: ‘एम अ‍ॅट’, ‘स्टेअर अ‍ॅट’, ‘पॉइंट अ‍ॅट’, ‘लाफ अ‍ॅट’. ‘थ्रो’ दोन्ही बाजूंनी जातो. ‘थ्रू द बॉल टू हिम’ म्हणजे त्याने झेलावा म्हणून टाकला, ‘थ्रू द बॉल अ‍ॅट हिम’ म्हणजे त्याला लागावा म्हणून फेकला. ‘शाउट टू’ म्हणजे लांबून हाक मारणं, ‘शाउट अ‍ॅट’ म्हणजे खेकसणं. अडवणं, रोखणं, वाचवणं यांत ‘फ्रॉम’: ‘प्रिव्हेंट फ्रॉम’, ‘प्रोटेक्ट फ्रॉम’. आरोपांच्या घरात मात्र एकमत नाही: ‘अक्यूज ऑफ’, ‘चार्ज विथ’, ‘ब्लेम फॉर’, ‘अरेस्ट फॉर’, ‘कन्व्हिक्ट ऑफ’. बातमी लिहिणाऱ्यांनी ही पाच तेवढी वेगळी लिहून ठेवावीत.

काही क्रियापदांना दोन-तीन सोयरे असतात आणि प्रत्येकाबरोबर अर्थ सरकतो. माणसाशी सहमत असाल तर ‘अ‍ॅग्री विथ’, प्रस्तावाला होकार दिलात तर ‘अ‍ॅग्री टू’, दोघांचं मिळून एखाद्या तारखेवर एकमत झालं तर ‘अ‍ॅग्री ऑन’. ‘रिझल्ट इन’नंतर परिणाम येतो, ‘रिझल्ट फ्रॉम’नंतर कारण येतं. ही जोडी उलटी पडली की अहवालात कार्यकारणभावच उलटा होतो. हे मी प्रबंधांमध्ये वरचेवर बघतो, आणि लेखकाचं विषयाचं ज्ञान पक्कं असूनही हे होतं.

दोन शब्दांत मिळून एकच कर्म वापरायचं असेल तेव्हाही डोळा ठेवा. ‘इंटरेस्ट अँड रिस्पेक्ट फॉर द सब्जेक्ट’ यात ‘इंटरेस्ट’ उपाशी राहिला, कारण त्याला ‘इन’ हवा होता. ‘इंटरेस्ट इन अँड रिस्पेक्ट फॉर द सब्जेक्ट’ असं लिहावं लागतं. कानाला खडबडीत वाटलं तर वाक्य मोडून दोन करा. तसंच ‘द चेअर आय सॅट ऑन’मधला शेवटचा ‘ऑन’ गाळू नका. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, हे शाळेत ऐकलेलं असतं म्हणून लोक ते सरळ गिळून टाकतात. शेवटी आलं तर काही बिघडत नाही, गायब झालं तर बिघडतं.

आता तुमची यादी. ती फेकू नका, पण तिची मांडणी बदला. ‘अपॉलॉजाइज – टू, फॉर’ असं लिहून काही उपयोग नाही, कारण ‘टू’ कुणासाठी आणि ‘फॉर’ कशासाठी ते त्यात नाही. ‘अपॉलॉजाइज टू समबडी फॉर समथिंग’ असं पूर्ण लिहा. तसंच ‘कम्प्लेन टू समबडी अबाउट समथिंग’, ‘काँग्रॅच्युलेट समबडी ऑन समथिंग’. ‘प्रोव्हाइड’ दोन्ही तऱ्हांनी लिहा, माणूस आधी आला तर ‘विथ’, वस्तू आधी आली तर ‘टू’ किंवा ‘फॉर’. खाली तुमच्या कामातलं एक खरं वाक्य. क्रियापद आणि नाम समोरासमोर ठेवा, ‘डिस्कस समथिंग’ आणि ‘डिस्कशन अबाउट समथिंग’. आणि आद्याक्षरांनुसार लावण्यापेक्षा तुम्ही जिथे चुकता ते शब्द वर आणा. प्रत्येकाच्या चुका ठरावीक असतात. वरिष्ठांनी खोडलेल्या जुन्या मसुद्यांवरून नजर फिरवलीत तर तेच ते शब्द पुन्हा पुन्हा दिसतील.

शब्दकोश इंग्रजी-मराठी वापरत असाल तर या कामापुरता तो बाजूला ठेवा. परभाषिकांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी घ्या. क्रियापदाची ठेवण दाखवणारे हे कोश ब्रिटिश कोशकार ए. एस. हॉर्नबी यांच्या कामातून रुळले. त्यांचा कोश 1942 मध्ये जपानमध्ये निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला. 1987 मध्ये आलेल्या कोबिल्ड कोशाने प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराच्या मोठ्या साठ्यावरून उदाहरणं घेतली. असल्या कोशांत शब्दाच्या अर्थाआधी किंवा शेजारी त्याचं प्रिपोझिशन ठळक छापलेलं असतं. बहुतेक लोक अर्थ वाचतात आणि कोश मिटतात. तुम्ही तो ठळक भाग आधी वाचा. दोन रूपांत शंका असेल तर गूगलच्या एनग्रॅम व्ह्यूअरमध्ये दोन्ही टाका. छापील पुस्तकांत कोणतं रूप किती येतं आणि ब्रिटिश-अमेरिकन फरक काय, याचा आलेख लगेच दिसतो. साध्या वेब शोधावर विसंबू नका, तिथे ‘डिस्कस अबाउट’ही भरपूर सापडतं.

ते सापडतं हेही खरं, म्हणून एक गोष्ट परिस्थितीवर सोडतो. बोलताना ‘डिस्कस अबाउट’ म्हणालात तर कुणाचंही काही अडत नाही. आपल्याकडेच काय, इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या अनेक देशांत ते सर्रास ऐकू येतं. बैठकीत स्वतःला मध्येच थांबवून दुरुस्त करत बसू नका. छापील अहवाल, प्रबंध, अर्ज, परीक्षा इथे मात्र ते खटकतं, आणि खोडणाऱ्या वरिष्ठांशी त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

उरला ‘डिफरंट’. ‘डिफरंट फ्रॉम’ सगळीकडे चालतं, डोळे मिटून तेच लिहा. ‘डिफरंट टू’ ब्रिटिश वापरात आढळतं, जास्त करून बोलण्यात. ‘डिफरंट दॅन’ मुख्यतः अमेरिकन, आणि पुढे नामाऐवजी अख्खं वाक्य येणार असेल तर सोयीचंही पडतं: ‘इट इज डिफरंट दॅन आय एक्स्पेक्टेड’. तिथे ‘फ्रॉम’ ठेवायचा तर ‘फ्रॉम व्हॉट आय एक्स्पेक्टेड’ असं लिहावं लागतं. वरिष्ठांनी ‘टू’ लिहिला असेल आणि सॉफ्टवेअर त्याखाली रेघ मारत असेल, तर आधी सॉफ्टवेअरमध्ये भाषा ब्रिटिश इंग्रजी ठेवली आहे का ते बघा.